पलंगाच्या गाडीचा घसारा

सरकारी कामासाठी एका गाडीची तपासणी करायला गेलो आणि दाराशी बूट काढले. माझ्या नोकरीतल्या चुकांची यादी बरीच लांब आहे, पण एका पायात बूट आणि एका पायात फाटका मोजा अशा अवस्थेत केलेली चूक ही एकच.

लखनौच्या विकास नगरात, एका घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर ती गाडी उभी होती. मूळची मिनीबस. आतली बाकं काढून टाकून तिचं काहीतरी भलतंच केलेलं. मागे दार, दाराशी दोन लोखंडी पायऱ्या, पायरीखाली काथ्याचं पायपुसणं, आणि दारावर फुलाफुलांचा पडदा. पायपुसणं आणि पडदा एकत्र दिसल्यावर सांगलीकडच्या माणसाचे हात आपोआप बुटांच्या नाड्यांकडे जातात. माझेही गेले. एक बूट निघाला, दुसऱ्याची गाठ सोडत होतो, तेवढ्यात करदात्याचे वकील तिवारीजी कोटाची टोकं सावरत धावत आले.

"साहब, साहब! ये क्या ग़ज़ब कर रहे हैं? जूते पहन लीजिए!"

मला वाटलं, तिथे काच-बिच पडलीय.

"क्यों, क्या हुआ?"

"हुज़ूर, तीन महीने से मैं आपके सामने कह रहा हूँ कि ये दुकान है। आप कह रहे हैं कि घर है। अब आप ही जूते उतारकर अंदर जाएँगे, तो मेरे पास बहस करने को बचेगा क्या?"

माझ्याबरोबर आलेला आमचा इन्स्पेक्टर तोंड फिरवून आकाशात काहीतरी बघायला लागला. माझ्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. तो मी दुसऱ्या पायामागे लपवायच्या खटपटीत असताना पडद्याआडून बाईंचा आवाज आला, "आ जाइए भैया, जूते पहने ही आ जाइए। यहाँ सब पहनकर ही आते हैं।"

मी बूट पुन्हा घातला. तिवारीजींनी सुटकेचा निःश्वास टाकला. एवढ्या समारंभानंतर मी आत पाऊल टाकलं.

आता हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते सांगतो.

मी आयकर खात्यात होतो आणि नव्वदच्या दशकातली काही वर्षं लखनौला काढली. आयकरवाला म्हटलं की लोकांना धाडी आठवतात, गादीतून निघणाऱ्या नोटा आठवतात. मी सबंध नोकरीत एकाच धाडीला गेलो. तिथे माझं अक्षर चांगलं म्हणून मला कोपऱ्यात बसवून यादी लिहायला लावली. बाकी माझं आयुष्य गेलं ते फायलींत, आणि फायलींतलं बरंचसं घसाऱ्यात.

घसारा म्हणजे साधी गोष्ट आहे. तुम्ही धंद्यासाठी एखादी वस्तू घेता. ती एका वर्षात संपत नाही, हळूहळू झिजते. मग तिची किंमत एकदम खर्चात न धरता, दरवर्षीची झीज म्हणून थोडी थोडी धरायची आणि तेवढ्या उत्पन्नावर कर भरायचा नाही. अट इतकीच की वस्तू धंद्यासाठी वापरलेली हवी. थोडी घरासाठीही वापरत असाल, तर त्या मानाने घसारा कापायचा. 'त्या मानाने' म्हणजे किती, हे कायद्याने अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडलं आहे. कायदा करणाऱ्यांची अधिकाऱ्यांशी ओळख नसावी.

घसाऱ्यासाठी माणसं काय काय घेऊन यायची! एका बँडवाल्याने लग्नाच्या घोडीवर घसारा मागितला होता. "हर साल बूढ़ी हो रही है, साहब, मशीन से ज़्यादा घिसती है।" मी त्याला समजावलं की कायद्यात जनावराला घसारा नाही, जनावर मेलं किंवा निकामी झालं, तरच त्याची वजावट मिळते. त्याने दोन्ही कानांना हात लावले. "तौबा, तौबा! ऐसी मनहूस बात मुँह से मत निकालिए!" दुसऱ्या दिवशी येऊन त्याने अर्जच मागे घेतला. घोडी पुढे बरीच वर्षं वराती मिरवत होती. लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीत, आमच्या घरासमोरूनही एकदा गेली. मी बायकोला अभिमानाने म्हणालो, "ही माझी केस." बायको म्हणाली, "वर बसलाय तो?"

तर पलंगाची गाडी.

गाडी होती सक्सेनाजींची. पंचावन्नच्या आसपासचे, काटकुळे, बंद गळ्याचा कोट आणि बोलणं असं की समोरच्याला आपण उगाचच नवाब झाल्यासारखं वाटावं. धंदा चष्म्यांचा. शहरात दुकान नव्हतं. लखनौच्या आसपासच्या कसब्यांत आणि खेड्यांत आठवडी बाजार भरतात, तिथे गाडी घेऊन जायचं, डोळे तपासायचे, चष्मे विकायचे. बरोबर त्यांची बायको, मालतीजी. लांबचे दोन-तीन बाजार लागोपाठ असले, की मुक्कामही गाडीतच.

विवरणपत्रात त्यांनी या गाडीवर पुरा घसारा मागितला होता. उत्पन्न लहान, घसारा मोठा, म्हणून फाइल बारीक तपासणीसाठी निघाली आणि माझ्या टेबलावर आली. मी गाडीच्या नोंदणीचं पुस्तक मागवलं, तर त्यात गाडीचा वर्ग लिहिलेला: कॅम्पर, खाजगी वापर. म्हणजे घरच्या लोकांना घेऊन सहलीला जायची, आत झोपायची, स्वयंपाक करायची गाडी. पुस्तकासोबतच्या फोटोत पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, आरसा. मी मनात म्हटलं, वा रे वा! हे नवराबायको नैनितालला जाणार आणि त्याचा घसारा सरकार सोसणार!

पहिल्या सुनावणीत मी विचारलं, "सक्सेनाजी, रजिस्ट्रेशन में तो लिखा है ख़ाजगी..." आणि जीभ चावली. माझ्या हिंदीत सांगली नेहमीच अशी डोकवायची. "मतलब, निजी।"

"हुज़ूर, वो तो दलाल ने लिखवा दिया," सक्सेनाजी म्हणाले. "उसने पूछा, गाड़ी में पलंग है? मैंने कहा, है। बोला, तो फिर कैम्पर में डालते हैं, टैक्स कम लगेगा। हमने सोचा, जानकार आदमी है।"

"ठीक. पण पलंग आहे ना? तो कशासाठी?" हे मी अर्थात हिंदीत विचारलं.

सक्सेनाजी गप्प झाले. टोपी मांडीवर होती, तिची कड बोटांनी चाचपत राहिले. मी पुन्हा विचारलं. तिवारीजींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, म्हणजे नाही. तिवारीजीही गप्प.

आमच्या खात्यात गप्प बसण्याला एकच अर्थ असतो. मी सुनावणीच्या कागदावर लिहिलं: 'पलंगाचं प्रयोजन विचारता करदाता निरुत्तर.' अक्षर चांगलं असल्यामुळे ते वाक्य फारच ठाम दिसलं.

सक्सेनाजी बाहेर गेले तसे तिवारीजी मागे रेंगाळले. म्हणाले, "साहब, एक बात अर्ज़ करूँ? क्लेम गया और ऊपर से झूठे क्लेम की पेनल्टी लगी, तो इनको गाड़ी बेचनी पड़ेगी। एक पार्टी देख भी गई है। टूरिस्टों को नैनीताल घुमाने के लिए चाहिए।"

"और फिर इनका धंधा?"

"साइकिल पर बक्सा बाँधकर जाएँगे, जैसे पहले जाते थे। भाभीजी घर बैठेंगी।"

म्हणजे मी तिला सहलीची गाडी ठरवायची, आणि मग ती खरोखरच सहलीची होणार. हे मला त्याच वेळी जाणवलं, असं लिहायला आवडलं असतं. पण खरं सांगायचं तर मी तिवारीजींना म्हणालो, "भावना में मत बहिए वकील साहब, सबूत लाइए।" आणि नंतर चहा प्यायलो.

सबूत आले नाहीत, म्हणून मीच तपासणीला गेलो. तिथे बुटांचं प्रकरण झालं, ते वर सांगितलंच आहे.

आत गेलो तर मालतीजी पलंगावर बसलेल्या. ठेंगण्या, गोऱ्या, चष्म्याला साखळी लावलेली. मला बघून उठल्या. छताजवळून एक आडवी लोखंडी दांडी गेली होती, ती दोन्ही हातांनी धरून उठल्या आणि तशाच धरून उभ्या राहिल्या. बसमध्ये उभं राहतात तशा. मला वाटलं, गाडीतली सवय असेल.

"बैठिए, बैठिए," मी म्हणालो.

"नहीं, आप अपना काम कर लीजिए।"

मी काम करायला लागलो. एव्हाना मला एक युक्ती सुचली होती आणि तिच्यावर मी खूश होतो. गाडीच्या आतली जागा मोजायची. त्यातली धंद्याची किती, घरगुती किती ते काढायचं आणि त्या प्रमाणात घसारा कापायचा. शास्त्रशुद्ध! इन्स्पेक्टरने फीत धरली, मी आकडे घेतले. पलंगाची लांबी, पलंगाची रुंदी. शेगडीचा कट्टा. पडद्यामागची जागा. मग पलंग पुन्हा, कारण इन्स्पेक्टरने इंचाच्या बाजूने वाचलं होतं आणि मी सेंटिमीटर लिहिले होते. पलंगाखाली चष्म्याच्या फ्रेमांचे खोके होते. तेव्हा पलंगाची खालची बाजू धंद्याची आणि वरची खाजगी, असं धरायचं का, यावर आम्ही दोघांनी गंभीरपणे चर्चा केली. या सगळ्याला वीस-पंचवीस मिनिटं तरी गेली असतील. मालतीजी दांडी धरून उभ्या होत्या. सक्सेनाजी दाराशी. ते एकदा म्हणाले, "हुज़ूर, ज़रा जल्दी..." पण मालतीजींनी नुसत्या नजरेने त्यांना थांबवलं. घाईत मोजमाप चुकतं, असं मी त्यांना सांगितलं.

निघताना चहा घेणार का म्हणून विचारलं. नियमाप्रमाणे मी नको म्हणालो. स्वतःवर खूश होऊन घरी आलो.

ऑफिसातल्या गोष्टी घरी सांगू नयेत असा नियम आहे. तो नियम ज्यांनी केला ते बहुधा अविवाहित असावेत. शैला, म्हणजे आमची बायको, भाजी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं, फाटक्या मोज्यासकट. आमची मुलगी तेव्हा आठवीत. ती हसून लोळली. "बाबा, आप भी ना! जूते कौन उतारता है बस में?" आमच्या घरात आईबाप मराठीत बोलायचे आणि मुलगी उत्तरं हिंदीत द्यायची.

शैला हसली नाही. म्हणाली, "पलंग कशाला लागतो, हे तुम्ही कोणाला विचारलंत?"

"सक्सेनांना."

"आणि तिला?"

"ती करदाती नाही. तिला कसं विचारणार?"

"बरं," शैला म्हणाली. तिच्या 'बरं'ला मी माझ्या वरिष्ठांच्या शेऱ्यापेक्षा जास्त घाबरतो.

तो फेब्रुवारी होता. आमच्याकडे केसेस मार्चअखेर संपवायच्या असतात, त्यामुळे हे दोन महिने आयकरवाला माणसात नसतो. मी ऑर्डरचा मसुदा तयार केला. मोजमापाचा तक्ता केला होता, पण त्याआधीचा मुद्दा जास्त जोरकस वाटला: नोंदणी खाजगी, पलंगाबद्दल करदाता निरुत्तर, सबब ही धंद्याची गाडीच नव्हे. पूर्ण घसारा नामंजूर, दंडाची नोटीस वेगळी. दोन पानं. भाषा इतकी छान जमली होती की एक-दोनदा मीच वाचून पाहिली.

सही मात्र करवेना. तिचं ते 'बरं' मध्ये येत होतं. शेवटी ठरवलं, गाडी बाजारात प्रत्यक्ष काय करते ते न सांगता जाऊन एकदा बघायचं. मलीहाबादच्या पुढच्या एका कसब्यात रविवारी बाजार भरायचा, तिथे सक्सेनाजी जातात हे फायलीत होतं. शैला म्हणाली, "मीही येते. कितीतरी दिवसांत आंब्याचा मोहोर बघितला नाही."

"येऊन काय करणार?"

"माझे डोळे तपासून घेईन."

ती वर्षभर वर्तमानपत्र हाताच्या अंतरावर धरून वाचत होती आणि चष्मा लागला म्हटलं की रागवायची, त्यामुळे हे ऐकून मी सावध झालो. म्हटलं, "हे बघ, केस चालू आहे. त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही. फुकट नाही आणि विकतही नाही."

"तपासायला किती लागतात?"

"फ्रेम घेतली तरच पैसे."

"मग नुसते तपासते. काळजी करू नका, तुमचं नाव सांगणार नाही. सांगण्यासारखं आहे तरी काय?"

स्कूटरवरून गेलो. दोन्ही बाजूंना आंब्याच्या बागा, मोहोराचा वास, हवेत अजून गारवा. मी तोंडाला मफलर गुंडाळला होता, ओळखू येऊ नये म्हणून. बाजारात पोचल्यावर चहाच्या टपरीमागे उभा राहिलो. गाडी समोरच होती. पुढच्या बाजूला सक्सेनाजींनी टेबल मांडलं होतं. पुरुष मंडळी समोरच्या झाडाला टांगलेल्या तक्त्याकडे बघून अक्षरं वाचत होती. ज्यांना अक्षरं येत नव्हती त्यांच्यासाठी इंग्रजी E सारख्या तीन पायांच्या खुणांचा वेगळा तक्ता होता. पाय कुठल्या बाजूला, ते हाताने दाखवायचं.

मागच्या दाराशी मात्र बायकांची रांग. डोक्यावरून पदर घेतलेल्या, काही बुरख्यात, दोघी-तिघी म्हाताऱ्या सुनांचा हात धरून. एकेक बाई पायऱ्या चढायची, फुलाफुलांचा पडदा बाजूला करायची आणि आत जायची. आत गेल्यावर पडदा पुन्हा लागायचा. मी माझ्या तक्त्यात त्या पडद्याची नोंद 'घरगुती सजावट' अशी केली होती.

शैला रांगेत उभी राहिली. मी रांगेतल्या बायका मोजल्या. सव्वीस भरल्या. हा आकडा पुढे ऑर्डरमध्ये मी पंचवीस लिहिला. आपल्याच बायकोला पुराव्यात धरणं बरं दिसेना.

तिचा नंबर लागून ती आत गेली ती अर्धा तास बाहेर येईना. मी तीन चहा प्यायलो. टपरीवाल्याने विचारलं, "किसी का इंतज़ार है, बाबूजी?" म्हटलं, "हाँ, हमारी घरवाली का।" तो म्हणाला, "तो फिर एक और चाय लीजिए। अंदर वाली बहनजी से बात शुरू हो जाए तो जल्दी कोई नहीं निकलती।"

शैला बाहेर आली. सरळ स्कूटरपाशी आली. मग म्हणाली, "मणक्याचं दुखणं आहे तिला. तीन वर्षं झाली. अर्धा-पाऊण तास बसलं की आडवं व्हावंच लागतं. उभं तर अजिबात राहवत नाही."

मी तोंडावरचा मफलर सोडला.

"तिने मला झोपूनच तपासलं. उशीला टेकून. सुई दिली, दोरा दिला, म्हणाली ओवून दाखवा. मला ओवता आला नाही. मग भिंगं बदलत गेली. पाचव्या भिंगाला दोरा गेला."

"म्हणजे चष्मा लागलाय," मी म्हणालो. विषय बदलायची माझी पद्धत अशी आहे.

"या गावातल्या बायका परक्या पुरुषाला चेहऱ्याला हात लावू देत नाहीत. चष्म्याची मापं घ्यायची म्हणजे नाकाला, कानाला हात लागतोच. मालतीजी आजारी पडल्या तेव्हा दोन वर्षं एक बाई यांच्याकडे फिरकली नाही. मग त्यांनी ही गाडी केली. ती झोपून येईल अशी." शैलाने पदर खांद्यावरून पुढे घेतला. "डॉक्टर म्हणत होते घरी पडून राहा. ही म्हणाली, पडायचंच आहे तर गाडीत पडते."

"मग सक्सेनांनी हे मला का नाही सांगितलं? मी सरळ विचारलं होतं."

"भर ऑफिसात? पाच माणसांसमोर? बायकोचं दुखणं? लखनौचा माणूस आहे तो." मग ती म्हणाली, "मी काही विचारलं नव्हतं. तीच आपणहून सांगत होती. म्हणाली, मागे एक मराठी साहब आले होते, बडे शरीफ़. फीत घेऊन पलंग मोजत बसले. मी उभी राहिले, मेहमानांसमोर झोपायचं कसं? दोन दिवस कंबर सरळ झाली नाही, म्हणाली. हसत सांगत होती हो."

स्कूटरला मी किक मारली. तीन-चार मारल्या. पेट्रोलचा कॉक बंद होता.

सोमवारी ती सुंदर दोन पानं फाडली. तिवारीजींना निरोप पाठवला. सक्सेनाजी आले. मी इन्स्पेक्टरला काही कामासाठी बाहेर पाठवलं, दार लोटलं आणि म्हणालो, "सक्सेनाजी, मैं बाज़ार में आकर गाड़ी देख आया हूँ।"

"आप तशरीफ़ लाए थे? इत्तिला करते, हुज़ूर, चाय तो पिलाते।"

"पलंग किसलिए है, ये भी मालूम हो गया।"

त्यांचा चेहरा उतरला. सर्वसाधारण करदाता अशा वेळी म्हणतो, बघा, मी सांगत नव्हतो का! तिवारीजी तेच म्हणायला पुढे सरसावले होते. "साहब, डॉक्टर का पर्चा कल ही दाख़िल कर दूँगा..."

"नहीं," सक्सेनाजी म्हणाले. मग हात जोडून माझ्याकडे वळले. "हुज़ूर, जितना काटना हो काट लीजिए। मगर उनकी बीमारी काग़ज़ पर न चढ़ाइए। सरकारी फ़ाइल है, बरसों पड़ी रहेगी, दस लोग पढ़ेंगे। उन्हें मालूम हुआ कि मैंने उनका मर्ज़ दिखाकर टैक्स बचाया है, तो वो गाड़ी में पैर न रखेंगी।"

तिवारीजींनी कपाळाला हात लावला. कारण लिहिल्याशिवाय पलंग मंजूर कसा करायचा, हे त्यांना समजेना आणि मलाही. कारण न देता मंजूर केलं तर आमचं ऑडिट विचारणार, पलंगावर कसला धंदा चालतो? मी दोन दिवस त्याच एका परिच्छेदावर बसून होतो. घसाऱ्यावर इतका विचार मी आधी कधी केला नव्हता.

शेवटी लिहिलं ते असं: गाडीचा मागचा भाग हा स्त्री ग्राहकांचा स्वतंत्र विभाग आहे. तपासणी करदात्याची पत्नी करते. त्या विभागातल्या पडद्यासह व पलंगासह सर्व वस्तू त्या कामासाठी वापरात असल्याचं प्रत्यक्ष बाजारात पाहिलं. पंचवीस स्त्रिया रांगेत होत्या. नोंदणीतला वर्ग काहीही असो, वापर धंद्याचा आहे. दंड नाही. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि आजाराचा शब्दही नव्हता. इतकी मेहनत घेऊन एखादी गोष्ट न लिहिण्याचा प्रसंग माझ्यावर पुन्हा आला नाही.

इथे थांबायला हवं होतं. पण आमच्या धंद्यातली एक खोड सांगतो. सगळंच्या सगळं मंजूर केलेली ऑर्डर संशयास्पद दिसते. वरचे लोक म्हणतात, याने बघितलं तरी का, की काही देवाणघेवाण झाली? थोडं कापलं, की अधिकारी जागा होता असं दिसतं आणि ऑर्डर टिकते. म्हणून मी शेवटी एक ओळ घातली. मुक्कामाच्या रात्री पतिपत्नी गाडीतच झोपतात, तो वापर खाजगी; सबब एक दशांश घसारा कापला. दशांशच का, याला काही आधार नव्हता. गोल दिसतो म्हणून.

सक्सेनाजींनी ऑर्डर हातात घेतली, दोनदा वाचली. आजाराचं कुठे काही नाही याची खात्री करून घेत असावेत. मग उभे राहून म्हणाले, "बड़ी मेहरबानी, हुज़ूर। गाड़ी बच गई।" त्या दशांशाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी मी घरी जरा छाती काढूनच आलो. शैला नवा चष्मा लावून मटार सोलत बसली होती; केस संपेपर्यंत थांबायला नको म्हणून तिने तो आमच्या जवळच्या कपूरथळा बाजारातून पूर्ण पैसे देऊन केला होता. मी तिला ऑर्डर तोंडपाठ सांगितली. स्त्री ग्राहकांचा विभाग हा शब्दप्रयोग तिला आवडला. "छान सुचलं हो तुम्हाला," असंही म्हणाली. मग मी दशांशाचं सांगितलं.

तिने सोलायचं थांबवलं. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे दिवसभर दुखणाऱ्या पाठीने तिने बायका तपासल्या, ते धंद्याचं. आणि रात्री नवऱ्याच्या शेजारी अंग टाकलं, ते तिचं खाजगी?"

"कायद्याच्या दृष्टीने..." मी म्हणालो.

"नाही, चांगलंच आहे की. तिला दहावा हिस्सा तरी स्वतःचा मिळाला." शैलाने पुढची शेंग उचलली. "या घरात माझा किती निघतो, तेही एकदा बघून सांगा. घाई नाही. मार्च संपल्यावर सांगितलंत तरी चालेल."